ग्रामीण श्रमिकाची हजेरी आणि सुलभ संगणकप्रणाली

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटण्याचा संभव आहे. अक्षरओळख बेताची असलेल्या, संगणकाशी कधी संबंध न आलेल्या ग्रामीण माणसाला स्वतःच्या कामाच्या जागी सहज वापरता येईल अशी संगणकप्रणाली कशी असावी, हा तो विषय होय. हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा आहे, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. परंतु कोण कामावर आले, किती काम झाले, किती मोबदला देय झाला आणि किती हाती पडला, या चार गोष्टींची नोंद म्हणजेच कामाचे व्यवस्थापन, हे ध्यानात घेतले की हा विषय हिशेबाचा ठरतो. आणि हिशेब हा विषय व्यापारी समाजाला परका नाही.

पेढीवर कीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसला नाही, तर दिवाणजी रात्री दिवा लावून बसतो आणि चूक शोधून काढतो. त्या चुकीने पेढीचे फारसे बिघडत नाही. खेड्यातील मजुराचे तसे नाही. त्याच्या हजेरीची एक खूण राहून गेली, तर एका दिवसाची मजुरी बुडते. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रातील मजुरीचा दर प्रतिदिन ३१२ रुपये होता. ज्या घरात आठवड्याचा बाजार त्या रकमेवर होतो, त्या घरासाठी ही खूण म्हणजे अन्न होय. म्हणून हजेरीची नोंद कशी होते, कोण करतो आणि चुकल्यास कशी सुधारते, याचा विचार आस्थेने होणे अगत्याचे आहे.

हजेरीपटाची परंपरा

कामाच्या हमीची कल्पना देशात सर्वप्रथम महाराष्ट्रात आकारास आली, ही अभिमानाची गोष्ट आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ती राज्यभर नेण्यात आली, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पुढे २००५ मध्ये संसदेने याच धर्तीवर राष्ट्रीय कायदा संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली आणि १ एप्रिल २००८ पासून तो देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला.

या साऱ्या वाटचालीत नालाबंडिंग, पाझर तलाव, शेततळे, विहीर, रस्ता अशा कामांवर एक वस्तू कायम राहिली, ती म्हणजे हजेरीपट, बोलीभाषेतील ‘मस्टर’. रेघा मारलेला कागद, डावीकडे नावे, उजवीकडे वारांचे रकाने, शेवटी एकूण दिवस आणि सही अथवा अंगठा. त्याचे गुण साधे होते. तो उन्हात चालत असे, त्याला वीज लागत नसे. मुकादम अथवा मेट नाव पुकारी आणि मजूर ‘हजर’ म्हणे. म्हणजे नोंद सर्वांसमक्ष होत असे. वाचता न येणाऱ्या बाईलाही आपल्या ओळीत किती खुणा झाल्या, हे बोटाने मोजता येई.

त्याचे दोषही लपलेले नाहीत. कामावर कधी न आलेल्या माणसांची नावे हजेरीपटावर चढविली जात. कामाच्या जागी पट न ठेवता तो घरी बसून भरला जाई. तालुक्याला पोहोचण्यास विलंब होई आणि मजुरी रखडे. कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देणे बंधनकारक असतानाही हे घडत असल्याने संगणकाची मदत घेण्याचा विचार पुढे आला. तो विचार योग्यच होता. मात्र ही मदत कोणाच्या सोयीची असावी, हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

मोबाईलवरील हजेरीचा अनुभव

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने मे २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय मोबाईल सनियंत्रण प्रणाली’, म्हणजेच एनएमएमएस हे ॲप सुरू केले. कामाच्या जागेवर मेटने मजुरांची हजेरी मोबाईलवर घ्यावयाची आणि दिवसातून दोन वेळा मजुरांचे छायाचित्र काढावयाचे. त्या छायाचित्रासोबत वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातील, अशी ही योजना होती. मे २०२२ मध्ये वीस अथवा अधिक मजूर असलेल्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर हे बंधनकारक करण्यात आले.

उद्देश उघड होता. खोट्या हजेरीला आळा बसावा आणि कामाच्या जागेचे खरे चित्र शासनापुढे यावे. परंतु मेटच्या हातात ते आले तेव्हा काय झाले? मेट म्हणजे गावातीलच शाळा शिकलेला तरुण किंवा बचत गटातील एखादी भगिनी. त्यांच्यापैकी अनेकांकडे या कामास योग्य मोबाईल नव्हता. सुरुवातीला ॲपची भाषा इंग्रजी होती. अन्य भाषा नंतर आल्या. काम बहुधा गावाबाहेर, डोंगराच्या कुशीत अथवा नाल्यात. तेथे नेटवर्कचा ठावठिकाणा नसे. मातीकाम मापावर होत असल्याने मजूर पहाटे येऊन उन्हाच्या आत आपले माप पुरे करीत आणि घरी जात. दुसऱ्या छायाचित्रासाठी त्यांना पुन्हा यावे लागे किंवा ताटकळत थांबावे लागे. छायाचित्र चढले नाही, तर प्रत्यक्ष घाम गाळूनही हजेरी लागत नसे. २०२३ मध्ये दिल्लीतील जंतरमंतरवर देशाच्या विविध भागांतील मजुरांनी जे दीर्घकाळ धरणे धरले, त्यातील एक प्रमुख तक्रार हीच होती.

शासनाने यातील काही गोष्टी सुधारल्या, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. पहिली हजेरी नेटवर्क नसताना मोबाईलमध्ये साठवून नंतर पाठविण्याची सोय झाली. दुसरे छायाचित्र पहिल्यानंतर चार तासांनी काढता येऊ लागले. अपवादात्मक परिस्थितीत हजेरी हाताने भरण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकांना देण्यात आला. यातील शेवटची तरतूद बारकाईने पाहण्यासारखी आहे. चूक घडते नाल्यावर, सकाळी नऊ वाजता, आणि तिची दुरुस्ती करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी! रोजंदारीवरील बाईने एका दिवसाच्या मजुरीसाठी तेथवर कसे पोहोचावे?

आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप होता, ती लबाडी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये मंत्रालयानेच राज्यांना पत्र पाठवून गैरप्रकारांची यादी दिली. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविणे, छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढणे, छायाचित्रातील माणसांची संख्या आणि नोंदविलेली हजेरी यांत तफावत असणे, एकाच मजुराचे अनेक हजेरीपटांवर दर्शन होणे, दुपारचे छायाचित्र नसणे, असे ते प्रकार होते. त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सर्व छायाचित्रे माणसांनीच तपासावीत, असे फर्मान निघाले. म्हणजे जे काम यंत्रावर सोपविले, ते फिरून माणसाच्याच डोळ्यांवर आले. लबाडाने वाट शोधली आणि प्रामाणिक मजूर मात्र नेटवर्कसाठी टेकडी चढत राहिला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या योजनेच्या जागी नवा कायदा संमत केला असून त्यात १२५ दिवसांच्या रोजगाराची तरतूद आहे. योजनेचे नाव बदलले, दिवस वाढले. पण नाल्यावर उभ्या असलेल्या मेटच्या हातातील प्रश्न तोच राहतो. म्हणूनच मागील अनुभवाचा नीट विचार करण्याची हीच वेळ आहे.

या अनुभवाचे सार असे सांगता येईल की, ही प्रणाली वर बसून पाहणाऱ्यासाठी घडविली गेली होती. खाली उभे राहून काम करणाऱ्यासाठी नव्हे. छायाचित्र वर जात असे, परंतु मजुराच्या हाती खाली काय येत असे? आज आपली हजेरी लागली की नाही, एवढेही त्याला त्या ॲपमधून कळण्याची सोय नव्हती. जॉबकार्डावर नोंद करण्याचा नियम होता, पण त्या नोंदीचा मोबाईलमधील नोंदीशी मेळ घालणार कोण? पहारा आणि हिशेब या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिशेबाला दोन पक्ष असतात आणि दोघांनाही तो पाहता येतो.

दूध संकलन केंद्राचा धडा

याच्या उलट उदाहरण ग्रामीण भागातच पाहावयास मिळते. गुजरातेतील आणंद परिसरातील सहकारी दूध संस्थांमध्ये १९९० च्या दशकात दूध संकलनासाठी इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट तपासण्याचे यंत्र आणि संगणक यांची जोडणी झाली. आज महाराष्ट्रातही अशी केंद्रे जागोजागी दिसतात. सभासद किटली घेऊन येतो आणि आपला क्रमांक सांगतो. दूध काट्यावर जाते, फॅट तपासला जातो आणि क्षणार्धात पावती बाहेर येते. तीवर लिटर, फॅट, दर आणि रक्कम असे चार आकडे असतात.

या ठिकाणी दूध घालणाऱ्या माणसाला संगणकाचे एकही बटण दाबावे लागत नाही. त्याला ‘डिजिटल साक्षर’ होण्याची अट नाही. तरीही तो त्या प्रणालीचा खरा वापरकर्ता आहे, कारण त्याला हवे ते उत्तर तेथल्या तेथे त्याच्या हाती पडते. पावतीवरील आकडा खटकला, तर तो तेथेच उभा राहून विचारू शकतो; दूध अजून समोर असते आणि रांगेतील शेजारी साक्षीला असतात. पूर्वी फॅट किती लागला, हे संस्थेचा सचिव सांगेल तेच खरे मानावे लागे. सोपेपणा म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या शोधावी लागणार नाही.

वारणानगरचा प्रयोग

दुसरा धडा कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या या सहकारी परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी ५४ माहिती केंद्रे स्थापन होऊन तेथे संगणक बसविण्यात आले. शेतकऱ्याला शेतीविषयक ज्ञान, बाजारभाव आणि शासकीय माहिती सर्व काही मिळावे, असा उदात्त हेतू होता.

काही वर्षांनी बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी तेथे जाऊन प्रत्यक्ष वापर पाहिला. शेतकरी केंद्रावर येत होते, परंतु मुख्यतः आपला ऊस किती गेला, किती वजन भरले, खात किती मिळाले, एवढेच विचारण्यासाठी. त्यासाठी संगणक, त्याची देखभाल आणि वीज यांचा भार सोसावा लागत होता. अभ्यासकांनी सात गावांत सुमारे आठ महिने वेगळा प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा, स्वस्त मोबाईल ठेवला. ठरलेल्या पद्धतीचा लघुसंदेश पाठवावयाचा आणि उत्तर लघुसंदेशाने यावयाचे. गावकऱ्यांना जे हवे होते, ते या स्वस्त साधनाने तितक्याच समाधानकारकपणे मिळाले आणि खर्चात बचत झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. साधी वस्तू म्हणजे गरिबाला दिलेली दुय्यम वस्तू नव्हे. वारणेच्या शेतकऱ्याला महागडा संगणक आणि लघुसंदेश यांपैकी जे उपयोगी पडले, तेच त्याच्यासाठी श्रेष्ठ ठरले. ग्राहकाला लुगडे हवे असताना त्याच्यापुढे शालूंची चळत मांडणारा दुकानदार चतुर समजला जात नाही.

अक्षराविना संवाद

तिसरा धडा बंगळुरूच्याच एका संशोधनाचा आहे. इंद्राणी मेधी या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरकाम करणाऱ्या निरक्षर स्त्रियांसाठी, अक्षरांचा आधार न घेता काम शोधता येईल अशी संगणकप्रणाली २००५ च्या सुमारास तयार करण्यास आरंभ केला. चित्र आणि आवाज ही तिची दोन साधने होती. चित्र काढले की समजले, अशी आपली समजूत असते. पण अनुभव वेगळा आला. स्वयंपाकाची किंवा भांड्यांची स्थिर आकृती पाहून ती जागा दाखविली आहे की काम, याचा उलगडा होईना. नळातून पाणी वाहताना, भांड्यातून वाफ निघताना दाखविली, तेव्हा ‘हे काम आहे’ हे उमगले. अगदी हुबेहूब छायाचित्र किंवा अगदी त्रोटक खूण यांपेक्षा हाताने काढलेले साधे रेखाचित्र अधिक उपयोगी पडले. अक्षरे न ओळखणाऱ्या स्त्रियांनाही आकडे मात्र पुष्कळ अंशी ओळखता येत होते. बाजारहाट करणाऱ्या, बसचा क्रमांक पाहणाऱ्या माणसाला आकडा परका नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे दिसली. बटणे समजूनही त्या स्त्रियांना प्रश्न पडे की, या पेटीत कामाची माहिती येते कोठून आणि ती ठेवतो कोण? म्हणून मालकीणबाई आपली गरज कशी कळविते आणि ती माहिती संगणकात कशी पोहोचते, हे दाखविणारी छोटी नाट्यचित्रफीत जोडण्यात आली. तेव्हा वापर सुधारला. तात्पर्य, ग्रामीण माणसाला अडते ते केवळ बटणापाशी नव्हे, तर विश्वासापाशी. आपण दाबले, ते पुढे कोठे जाते आणि त्याचे उत्तर कोण देणार, हे कळल्याशिवाय कोणीही शहाणा माणूस आपला व्यवहार यंत्रावर सोपवीत नाही.

प्रणाली कशी असावी

या तीन उदाहरणांच्या आधारे कामाच्या जागेसाठी सुलभ प्रणालीची काही सूत्रे मांडता येतील.

पहिले सूत्र नोंदीच्या एककाचे. काम ज्या रीतीने मोजले जाते, तीच रीत प्रणालीत उतरली पाहिजे. मात्र त्या रीतीतील अन्याय उतरता कामा नये. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचल, हिशेब सारे कोयत्याच्या नावे होते. उद्या मुकादमाच्या वहीवरून जशीच्या तशी प्रणाली तयार केली, तर पत्नीचे नाव संगणकातही उमटणार नाही. रोजगार हमीच्या पटावर स्त्रीचे नाव स्वतंत्र ओळीत लिहिले जाते, ही मोठी कमाई होय. रकाने आखणारा माणूस नकळत न्यायनिवाडा करीत असतो, याचे भान असावे.

दुसरे सूत्र ओळखीचे. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत यांचे संकेतांक जोडून झालेला लांबलचक जॉबकार्ड क्रमांक मेटला उपयोगाचा नाही. एका टोळीत एकाच नावाच्या तीन स्त्रिया असतात. म्हणून नावाशेजारी छोटे छायाचित्र आणि एक ते पन्नास असा साधा अनुक्रमांक असावा. यादी वर्णानुक्रमे न लावता, मेट ज्या क्रमाने हाक मारतो त्या क्रमाने लावण्याची मुभा असावी. बोटाच्या ठशावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. कुदळ-फावड्याने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांनाच यंत्र ओळखेनासे होते. आयुष्यभर काम केल्याची खूण हीच काम नाकारण्याचे कारण ठरावी, हे कोणाही विचारी माणसास रुचणार नाही.

तिसरे सूत्र आवाजाचे. आज तालुक्याच्या गावातील भाजीवाल्याकडेही यूपीआयने पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी छोटी पेटी दिसते. पडदा न पाहता, तेल लागलेले हात न पुसता, त्याला व्यवहार कळतो आणि ग्राहकालाही कळतो. हजेरीच्या बाबतीतही सायंकाळी मोबाईलने सर्वांसमक्ष नावे आणि या आठवड्यातील दिवस मराठीत, शक्य तेथे स्थानिक बोलीत, वाचून दाखवावेत. जुन्या पटावर नाव पुकारण्याची जी प्रथा होती, तिचेच हे नवे रूप होईल. ज्याचे नाव राहिले, तो तत्क्षणी हात वर करील.

चौथे सूत्र नेटवर्कचे. नेटवर्क नसणे हा अपवाद नसून नेहमीची स्थिती आहे, असे गृहीत धरूनच रचना करावी. सर्व नोंद आधी मोबाईलमध्ये व्हावी आणि मेट गावात परतल्यावर आपोआप पुढे जावी. नोंद मोबाईलमध्ये आहे की तालुक्याला पोहोचली, हे दोन वेगळ्या खुणांनी स्पष्ट दिसावे. घाबरून तेच बटण दोनदा दाबले गेले, तरी हजेरी दोनदा लागू नये.

पाचवे सूत्र दुरुस्तीचे, आणि सर्वांत महत्त्वाचे हेच आहे. व्यापारी बिलाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही चार अक्षरे असतात. चूक होणारच, ती दोन्ही बाजूंनी मान्य करून सुधारली जाईल, असा करार त्यात सामावलेला आहे. पेढीच्या वहीत चुकलेली नोंद खरवडून काढीत नाहीत. ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद घालतात, म्हणजे चूकही दिसते आणि सुधारणाही दिसते. हजेरीच्या प्रणालीत हीच शिस्त हवी. मेटला त्याच आठवड्यात, दोन मजुरांच्या साक्षीने, कामाच्या जागीच दुरुस्ती करता यावी. मूळ नोंद पुसली जाऊ नये. कोणी, केव्हा, का बदल केला, हे सर्वांना दिसावे. खोट्या दुरुस्तीला आळा घालण्याचा मार्ग दुरुस्ती बंद करणे हा नव्हे. ज्या प्रणालीत चूकभूल नाही, तिच्यात चुकीचे ओझे नेहमी दुर्बळाच्या डोक्यावर पडते.

सहावे सूत्र पावतीचे. कापडबाजारात ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची जुनी पद्धत होती. ती फक्त दुकानातील माणसांना वाचता येई. व्यापारात ते एक वेळ चालून जाते. परंतु मजुराची हजेरी अशा गुप्त लिपीत राहता कामा नये. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी मिळावी: दिवस किती, माप किती, रक्कम किती, बँकेत केव्हा जमा होईल. चारच आकडे, मोठ्या अक्षरांत. कागद हा संगणकाचा शत्रू नव्हे. ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याच्यासाठी कागद हाच पडदा होय.

घडविण्याची रीत

अशी प्रणाली शहरातील कार्यालयात बसून घडत नाही. ती घडविणाऱ्याने किमान एक आठवडा मेटच्या शेजारी बसले पाहिजे; उन्हात पडदा दिसतो का, धुळीच्या बोटाने बटण दाबले जाते का, पाऊस आला तर मोबाईल कोठे जातो, हे पाहिले पाहिजे. प्रथम कागदावर पडदे काढून ते लोकांपुढे ठेवावेत. बदल करावयाचा तर कागद फाडण्यास खर्च येत नाही.

या संदर्भात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला बंगळुरूतील एक अभ्यास उद्बोधक आहे. सुमारे ४५० लोकांना दोन वस्तूंपैकी एक निवडावयास सांगितले. विचारणाऱ्याने जी वस्तू तयार केली असा समज झाला, तिला लोकांनी अडीच पट अधिक पसंती दिली. विचारणारा परदेशी असून सोबत दुभाष्या असेल, तर हे प्रमाण पाच पटींवर गेले. आपल्या लोकांची ही शालीनता आहे. पाहुण्याने केलेल्या वस्तूला ते वाईट म्हणत नाहीत. म्हणून ‘आवडले का?’ असे विचारून मिळालेला होकार फारसा कामाचा नसतो. मोबाईल हातात द्यावा, पंचवीस माणसांची हजेरी घेण्यास सांगावे आणि गप्प बसून पाहावे. हात जेथे थबकला, तेथे प्रणाली चुकली असे समजावे; माणूस चुकला असे समजू नये.

एका आक्षेपाचा विचार

यावर असा आक्षेप घेतला जातो की, सोपी साधने देण्यापेक्षा माणसांनाच साक्षर करावे. साक्षरतेचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही आणि शिक्षणाचे कार्य अखंड चाललेच पाहिजे. परंतु आजच्या मजुरीसाठी उद्याच्या साक्षरतेची अट घालता येत नाही. शिवाय सोपी प्रणाली स्वतःच शिक्षणाचे साधन होते. दर आठवड्याला चार आकड्यांची चिठ्ठी हातात घेणारी बाई काही महिन्यांत त्या आकड्यांचा अर्थ विचारू लागते, आणि प्रश्न विचारता येणे हीच साक्षरतेची पहिली पायरी होय.

हा विचार केवळ शासकीय कामांपुरता नाही. धर्मादाय रुग्णालये, वसतिगृहे, भोजनशाळा, गोशाळा, गिरण्या, गोदामे अशा कितीतरी ठिकाणी खेड्यांतून आलेली माणसे काम करतात. आता तेथेही हजेरीची यंत्रे आणि मोबाईलवरील प्रणाली येत आहेत. त्या विकत घेताना विक्रेत्याला साधारणतः किंमत आणि वैशिष्ट्ये विचारली जातात. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारले जावेत. आमच्याकडील सर्वांत कमी शिकलेल्या कामगाराला स्वतःची नोंद कळेल काय? आणि ती चुकली, तर त्याच दिवशी, त्याच जागी ती सुधारता येईल काय? या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल, तरच ती प्रणाली घ्यावी.

या विवेचनात काही उणे-अधिक राहिले असल्यास, चूकभूल द्यावी घ्यावी.